टॉक्सोचा आयजीएम पॉझिटिव्ह, ॲव्हिडिटी टेस्टबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला गरोदरपणाचा ११ वा आठवडा चालू आहे. टॉर्च पॅनेलमध्ये (गरोदरपणात काही संसर्गांसाठी करतात ती रक्ततपासणी) टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे आयजीजी आणि आयजीएम दोन्ही पॉझिटिव्ह आलेत. या दोन्ही त्याविरुद्धच्या अँटीबॉडीज; आयजीएम आधी येते, आयजीजी नंतर येऊन टिकून राहते. ताप नाही, मानेला गाठी नाहीत, त्रास काहीच नाही. घरात मांजर आहे, त्यामुळे सासरच्यांचा सगळा राग त्या बिचारीवर! अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतूनही हे होतं, पण ऐकतंय कोण.

नुसत्या आयजीएमवरून निष्कर्ष काढत नाहीत, एवढं कळलंय. तो कधी खोटाच पॉझिटिव्ह येतो, कधी जुन्या संसर्गानंतर वर्षभर रेंगाळतो. म्हणून डॉक्टरांनी आयजीजी ॲव्हिडिटी सांगितली, म्हणजे ती अँटीबॉडी किती घट्ट चिकटते त्याची टेस्ट; संसर्ग जुना होईल तशी ही पकड वाढते. ती हाय आली तर संसर्ग निदान साधारण ४ महिने जुना, म्हणजे दिवस राहण्याआधीचा, मग बाळाच्या दृष्टीने प्रश्न मिटला. घोळ आहे तो लो आल्यावर. काहींची ॲव्हिडिटी महिनोन्महिने कमीच राहते म्हणे, म्हणजे लो आली तरी संसर्ग ताजाच असं नाही.

नाशिक किंवा पुण्यात कुणी ही टेस्ट केली आहे का? रिपोर्टला किती दिवस लागले? २-३ आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं, तर पहिला नमुना जपून ठेवून दोन्ही एकदमच तपासायला लॅबवाले तयार होतात का? वेगवेगळ्या किटचे आकडे जुळत नाहीत, म्हणून विचारतेय. आणि १८ आठवड्यांनंतर गर्भजलाची पीसीआर (त्यात परजीवीचा डीएनए शोधायची टेस्ट) कुणाला करावी लागली असेल, तर अनुभव जरूर सांगा. औषधाचं डॉक्टर बघतीलच.

मांजर सोडून द्या, हा सल्ला मिळून झालाय.