अनुभव धागा: सोडून दिलं आणि सुटलं

धागाकर्ती:
ऐरोलीच्या एका कंपनीत विक्रीचे रिपोर्ट काढायचं काम करते. मागच्या महिन्यात रोजच्या विक्रीचा आकडा दुकानांच्या आकड्याशी जुळेना. गंमत म्हणजे महिन्याची बेरीज जवळपास बरोबर यायची, रोजची मात्र रोज चूक. दोन दिवस क्वेरीला (डेटाबेसमधून आकडे काढायच्या कोडला) चिकटून होते, डबासुद्धा स्क्रीनसमोरच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैतागून लॅपटॉप मिटला आणि ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरले.

स्टेशनबाहेर मेथीची जुडी उचलली आणि सवयीने मावशींना म्हटलं, "कालची ना ही?" त्या फणकारल्या, "कालची कशी? पहाटे वाशी मार्केटातनं आणलीय, तुम्ही झोपला होतात तेव्हा!"

पैसे द्यायला पुढे केलेला हात तसाच राहिला. पहाटेचा माल आजचा, आणि मी त्याला कालचा म्हणतेय! आमचा सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाचची सगळी बिलं आदल्या दिवसात जमा होत होती. (औषधांची चोवीस तास चालणारी दुकानं आहेत, त्यामुळे फरक बारीकसारीक नव्हता.) जुडी तिथेच ठेवून निघाले होते, मावशींनी हाक मारून दिली.

तुमचंही असं झालं असेल तर लिहा. "दीर्घ श्वास घ्या" छापाचे सल्ले नकोत. काय अडलं होतं, उठून कुठे गेलात, तिथे काय झालं, ते सांगा.

कळवेकर:
वायरिंगची कामं करतो. जुलैतली गोष्ट, बाहेर धो धो पाऊस. एका घरी ईएलसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) टिकेना. सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) पाडले तरी दहा-पंधरा मिनिटांत खटकन पडायचा. नवा लावून पाहिला, तोही पडला. घरातल्या आजी मागेच उभ्या, "फ्रीजमधलं दूध नासेल हो." शेवटी चहा पिऊन येतो म्हणून खाली सटकलो.

टपरीवर कटिंग घेतोय, तर समोरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं आणि एक पोरगा वाकून आतबाहेर करतोय. दुकान बंद, पण ये-जा चालूच. ग्लास ठेवला आणि वर पळालो. आपले एमसीबी सिंगल पोल. ते फेज (वीज आणणारी तार) तोडतात, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो. मी तीन तास "सगळं बंद" समजून बसलो होतो. मग एकेक न्यूट्रल सोडवत गेलो. बाल्कनीतल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरून न्यूट्रल अर्थिंगला टेकत होता. चहाचे पैसे राहिले ते दुसऱ्या दिवशी दिले.

नौपाड्याची कोडेवाली:
शब्दकोड्यातला अडलेला उभा शब्द मला हमखास भांडी घासताना सापडतो. ओल्या हाताने लिहायला गेलं की पेपर फाटतो, एवढंच.

उपवनचा फिरस्ता:
माझं उलटं. सोसायटीच्या गळतीच्या खर्चाची वाटणी करायची होती, मला सेक्रेटरी करून ठेवलंय. सुचेना म्हणून तलावाला तीन फेऱ्या मारल्या. काही नाही. चौथ्या फेरीला आठवलं की फाइल मी अजून उघडलेलीच नाही. सुचणार काय, कपाळ!

गणिताचे सर:
फिरस्ते लाख बोललात. क्लासमधली मुलं रायडर (भूमितीचं डोकं खाणारं उदाहरण) दोन मिनिटं बघतात आणि म्हणतात, सर, ठेवून देतो, आपोआप सुचेल. त्यांना मी गणितज्ञ हॅमिल्टनची गोष्ट सांगतो. १६ ऑक्टोबर १८४३, डब्लिन. बायकोबरोबर कालव्याच्या काठाने चालताना त्याला क्वाटर्नियनचं, म्हणजे चार-चार संख्यांचे गट गुणायचं, सूत्र सुचलं आणि त्याने तिथल्या तिथे पुलाच्या दगडावर चाकूने कोरलं. मुलांना चाकू लक्षात राहतो. त्याआधी तो कित्येक वर्षं तीन-तीन संख्यांचे गट गुणायच्या मागे लागला होता, ते नाही राहत. तीनमध्ये ते बसतच नाही, चार लागतात. टेबलाशी बसून तीनचा हट्ट सुटत नव्हता, चालताना सुटला.

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सुचण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: तयारी, मुरवण, उजेड, पडताळा. आमची मुलं थेट मुरवणीपासून सुरू करतात. बरणीत कैरी नको का?

वाशीचा आर्टिकल:
सीएकडे आर्टिकल, म्हणजे उमेदवारी करतो. मी आत्ता, या क्षणी अडकलोय. एका मंडळाचे हाताने लिहिलेले हिशेब आहेत, टॅली वगैरे नाही. ट्रायल बॅलन्समध्ये (नावे आणि जमा बाजूंच्या ताळ्यात) ५४० रुपयांचा फरक. सकाळपासून व्हाउचर चाळतोय, डोळे गेले. धागा वाचून चप्पल घातली, निघालो मिनी सीशोअरला.

गणिताचे सर:
थांबा! ५४० ला ९ ने भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेलेत का बघा. शतक आणि दशक स्थान, दोन अंकांत सहाचा फरक.

वाशीचा आर्टिकल:
सर!! २,७१० चे २,१७० केलेत, कॅश बुकातून लेजरला उतरवताना. माझंच अक्षर आहे.

धागाकर्ती:
म्हणजे चप्पल काढली?

वाशीचा आर्टिकल:
छे, जातोच आहे. भेळ खायचीय.