कोकणातलं फील्डवर्क: मुलं सुखरूप परत यावीत म्हणून तुमच्याकडे नेमकं काय करतात? (अनुभव धागा)

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. हमीपत्रं आणि पालकांच्या सह्या सगळेच घेतात, पण त्यातून खडकावर उभ्या असलेल्या मुलीला पाणी कधी चढेल ते कळत नाही. नमुने, मोजणी, नकाशे यांसाठी मुलांना कोकणात नेणाऱ्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. वेळ, माप, वस्तू आणि काय चुकतं ते लिहा.

खडकाळ किनारा, प्राणिशास्त्र

सुरुवात तिथीपासून करा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सव्वासहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीची सुकती भर दुपारी येते, वेळ सोयीची, पण ती भांगाची, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या दिवसांतली. खालचा खडक उघडाच पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमाराला, म्हणून सुकती साडेपाचला. म्हणजे खडक चांगला उघडा पडतो तो पहाटे, नाहीतर तिन्हीसांजेला. बस दुपारी पोचते म्हणून संध्याकाळची सुकती धरली जाते आणि तिथेच फसगत होते. काम रंगात येतं तेव्हा सूर्य बुडतो, पाणी फिरलेलं असतं आणि शेवाळलेल्या कातळावरून अंधारात परतावं लागतं. त्यापेक्षा द्वितीया-तृतीयेची सकाळ घ्या. सुकती पावणेआठ ते साडेआठच्या आसपास, उधाणाचा, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर टिकलेला (तो अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनीच सर्वांत जास्त असतो) आणि पुढे अख्खा दिवस हातात. त्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम लागतो. तो खर्च आधीच मंजूर करून घ्या.

तिथीच्या हिशोबाने फक्त दिवस ठरवायचा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची, कारण एकाच दिवसाच्या दोन सुकत्याही सारख्या नसतात. आभाळ निरभ्र असलं तरी दूरच्या वादळाच्या लाटा येऊन थडकतात, म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राचा उंच लाटांचा इशारा आदल्या संध्याकाळी आणि निघताना, असा दोनदा बघा.

सुकतीच्या दोन तास आधी उतरा. सुकतीच्या मिनिटाला शिट्टी, अर्ध्या तासात शेवटचा माणूस पुळणीवर, म्हणजे वाळूवर. पाणी एकसारखं चढत नाही. भरतीचे बारा हिस्से धरले तर सहा तासांत ते १, २, ३, ३, २, १ असे चढतात. पहिल्या तासात पाणी हललंय असं वाटतच नाही, मुलं म्हणतात, सर अजून वेळ आहे. तिसऱ्या तासात अडीच मीटरच्या भरतीला साठ सेंटीमीटरच्या वर चढतं. शिवाय ते फक्त समोरून येत नाही. खडकांमधल्या घळी आधी भरतात, म्हणजे पाठीमागची वाट आधी बुडते. म्हणून परतीच्या वाटेवरच्या सर्वांत खोल घळीपाशी एक माणूस उभा करा. त्याच्या हातात वही नको, बाटली नको. त्याने फक्त पाणी बघायचं. घळीत त्याच्या घोट्याला पाणी लागलं की सगळे बाहेर, मोजणीची चौकट अर्धी मोजून झालेली असली तरी.

खाडी आणि कांदळवन, वनस्पतिशास्त्र

वरच्या हिशोबाला खाडीपुरती दुरुस्ती: आत जावं तशी भरती उशिरा पोचते. मुखाजवळची वेळ धरून आत काम करू नका. त्या गावच्या तरीवाल्याला विचारा, त्याला मिनिटांत माहीत असतं.

चिखलात गमबूट नकोत. आत पाणी भरलं की बूट तिथेच रुततो आणि अनवाणी पाय कालवांवर पडतो. घोट्यापर्यंत लेस बांधायचे कॅनव्हासचे बूट घ्या. पाय मांडीपर्यंत रुतला की माणूस दुसऱ्या पायावर भार देतो आणि तोही जातो. अशा वेळी बसकण मारून मागे रेलायचं, भार पाठीवर घ्यायचा, रुतलेला पाय घोट्यातून हलवत भोवती पाणी शिरू द्यायचं, मग सावकाश ओढायचा. मदत करणाऱ्याने उभं राहून हात खेचू नये. फळी टाकून, तिच्यावर आडवं होऊन जावं. दर दोन माणसांमागे एक फळी आणि दहा मीटर दोर आम्ही ठेवतो.

कालवाची चीर बारीक दिसते, पण आत कवचाची कपची राहते. गोड्या पाण्याने, साबण लावून, पाच मिनिटं धुवा. लाली पसरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि ‘खाडीच्या पाण्यातली जखम’ हे शब्द आवर्जून सांगा. औषध त्यावर ठरतं. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे पाकट बाजूला होते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, तास-दीड तास पाय बुडवून ठेवा. पाणी दुसऱ्याने हाताने तपासायचं, कारण ज्याला लागलंय त्याला चटका कळत नाही.

कातळसडा, भूशास्त्र आणि कातळशिल्पं

इथे, जांभ्याच्या उघड्या माळावर, पाण्याआधी फुरशाचं भय. हातभर लांबीचा साप, जांभ्याच्या सुट्या दगडाखाली वेटोळं घालून बसतो. दगड हाताने उलटायचा नाही. काठीने पलीकडची कड उचलायची आणि दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे साप आणि पाय यांच्यात दगड राहतो. करवत घासल्यासारखा आवाज आला की जागेवर थांबा.

दंश झाला तर अंगठी, बांगड्या, घड्याळ आधी काढा, सूज येते. हात किंवा पाय फळकुटाला बांधा, हलू देऊ नका. आवळपट्टी नाही, चिरा नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही आणि ते लगेच दिसतही नाही. हिरड्यांतून रक्त यायला काही तास जाऊ शकतात. म्हणून ‘बरं वाटतंय’ यावर परत आणू नका. दवाखान्यात साधी तपासणी होते: दोन-तीन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. सर्पविषावरची लस कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे, किती कुप्या आहेत, हे निघायच्या दिवशी फोन करून विचारा. पहिल्याच वेळी आठ-दहा कुप्या लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ती चालते, चापड्यावर भरवशाची नाही.

मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी तीननंतर सड्यावर थांबू नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आवाक्यात आहे. मोजणीच्या लोखंडी काठ्या आणि तिपाई तिथेच टाका, एकट्या झाडाखाली जाऊ नका, बंद गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मोजा. धुकं दाटलं तर एकट्या होकायंत्रावर विसंबू नका. देवाचे गोठणेच्या सड्यावर सुई दिशा चुकवते.

पाणी माणशी चार लिटर. एप्रिल-मे असेल तर काम सात ते अकरा.

दोडामार्ग-बांद्याकडे जाणाऱ्यांसाठी

जानेवारी ते मे माकडतापाचा हंगाम. तो गोचीड चावल्याने होतो. पॅंट मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका, संध्याकाळी कानामागे, काखेत, जांघेत गोचीड बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

होडीतलं काम, मत्स्यशास्त्र

लाइफ जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यात माणूस खालून निसटेल. जांघेतला पट्टा बांधलाच पाहिजे. नमुने घेताना सगळे एका बाजूला वाकतात आणि होडी कलते, म्हणून जाळं ओढणारे दोघेच, बाकीचे बसून. होडी न्यायची की नाही हे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ठरवेल. त्याने नाही म्हटलं तर प्राध्यापकाने आग्रह धरू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा आसपास मदतीला होडी क्वचितच असते. वायरलेसवर १६ नंबरचा चॅनल, तटरक्षक दल १५५४.

विभागातली नोंदवही

एक माणूस किनाऱ्यावर किंवा कॉलेजात, फोन हातात घेऊन. त्याच्याकडे नावं, रक्तगट, दमा किंवा फिट्सची नोंद, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ. वेळ उलटून १५ मिनिटांनी फोन, ३० मिनिटांनी गावच्या माणसाला पाठवायचं, ४५ मिनिटांनी ११२. हे आकडे निघण्याआधी मुलांसमोर वाचून दाखवा. आणि पोहता येतं का हे हात वर करायला लावून विचारू नका, चारचौघांत कुणी नाही म्हणत नाही. चिठ्ठीवर लिहून घ्या.