कॅरम : स्ट्रायकर कुठे जाईल हे आधी काढता येतं का?

प्रश्न : लालबागच्या चाळीत आमचा बोर्ड रोज रात्री लागतो. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि ऊर्जा अक्षय्य, म्हणजे टकरीआधी नि नंतर तेवढीच, धरली तर समीकरणं तीनच (संवेगाची दोन, ऊर्जेचं एक), टकरीनंतरच्या वेगांचे घटक मात्र चार : स्ट्रायकरचे दोन, सोंगटीचे दोन. मग उत्तर निघणार कसं?

उत्तर : चौथी गोष्ट म्हणजे नेम! स्पर्शाच्या क्षणी दोन्ही केंद्रं जोडणारी रेघ काढ. घर्षण सोडलं, तर सोंगटी त्याच रेघेत सुटते.

दुसरं उत्तर : १५ ग्रॅमचा स्ट्रायकर, ५ ग्रॅमची सोंगटी, टक्कर लवचीक, म्हणजे गतीची ऊर्जा वाया न जाणारी. सरळ मारलंस तर सोंगटी दीडपट वेगाने सुटते, स्ट्रायकर निम्म्या वेगाने तिच्यामागे भोकात. झाली पेनल्टी! आणि तिरकं कसंही मार, स्ट्रायकर मूळ दिशेपासून साधारण १९.५ अंशांपलीकडे वळत नाही.

प्रश्नकर्ता : आणि दोन सोंगट्या चिकटलेल्या असल्या तर?

उत्तर : तिथे एवढी समीकरणं पुरत नाहीत बाबा. बोरिक पावडर टाक नि मार.