मदत हवी आहे : नागपूरहून बेंगळुरूला सामान हलवायचंय, नोंदणीकृत कंपनी कशी ओळखावी?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही नागपूरहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवतोय. टू बीएचकेचं सामान, एक स्कूटर आणि आईचा सागवानी देव्हारा. देव्हाऱ्याचाच जीवाला घोर आहे.

मागच्या वेळी स्वस्तात ठरवलं आणि फसलो. फोनवर २२ हजार ठरले होते. ट्रक दारात आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, ‘अजून ९ हजार द्या, मगच माल उतरेल.’ रात्री साडेदहाला, पावसात. दिले. हातात पावती म्हणून होता फक्त व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेला आकडा.

यावेळी कागद आधी बघणार आहे. २००७ च्या ‘कॅरेज बाय रोड’ कायद्यानुसार मालवाहतूकदाराला नोंदणी लागते, हे वाचलंय. तीन जणांकडे प्रमाणपत्र मागितलं. दोघांनी जीएसटीचा नंबर पाठवला. पण जीएसटी म्हणजे वाहतुकीचा परवाना नव्हे ना! तिसऱ्याने पाठवलं, पण त्यावर नाव वेगळ्याच कंपनीचं. बुकिंग घेणारा एक आणि ट्रक दुसऱ्याचा, असं असेल तर बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) कुणाच्या नावाची घ्यायची?

विम्याचंही विचारायचंय. ‘आमचाच विमा’ म्हणून तीन टक्के मागतात. विमा कंपनीची खरी पॉलिसी आपल्या नावावर आधी मागता येते का? कुणाला क्लेम मिळालाय का?

स्कूटरसाठी आरटीओची एनओसी काढतोय, ते जमेल.

नागपूरहून दक्षिणेत कुणी नीट सामान नेलं असेल तर अनुभव जरूर सांगा, खर्चासकट.