अनुभव धागा: ख्रिस्ती म्हणून खरेपणानं जगताना

सर्वांना जय ख्रिस्त 🙏 खोटं बोलू नये हे संडे स्कूलपासून पाठ असतं, पण खरी कसोटी लागते ती ऑफिसात, घरात, पैशाच्या व्यवहारात. तुम्ही कुठे ठाम राहिलात आणि पुढं काय झालं ते इथे लिहा. शेवट गोड नसला तरी चालेल, फक्त उपदेश नको, घडलेलं सांगा.

---

मी अकाउंट्सला आहे. वर्षअखेरीस साहेबांनी एका बिलावर मागची तारीख टाकायला सांगितली, म्हणाले सगळेच टाकतात, तुझं काय जातंय. मी म्हटलं सर, एंट्री आजच्या तारखेला करते, उशीर का झाला त्याची नोटही लिहून देते, पण मागची तारीख माझ्या हातून पडणार नाही. ते काही बोलले नाहीत, बिल उचललं आणि शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या वर्षी प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. साक्षीत, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर देवाचा अनुभव सांगताना, लोक म्हणतात ना, खरं बोललो आणि देवानं दुप्पट दिलं, माझ्या बाबतीत अजून तरी तसं झालेलं नाही. पण बायबलच्या स्तोत्र 15 मधला तो माणूस, नुकसान झालं तरी शब्द न फिरवणारा, आता मला जवळचा वाटतो.

---

वरच्या ताईंनी साक्षीचा विषय काढला म्हणून लिहितो. वडील मोठ्या आजारातून उठले आणि मंडळीत (चर्चमध्ये) साक्ष द्यायची ठरली, तेव्हा एकानं आधी हळूच सुचवलं की गोळ्यांचं काढू नका, प्रार्थनेनं बरा झालो एवढंच बोला, लोकांचा विश्वास वाढेल. वडील उभे राहिले, खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, वर धरली आणि म्हणाले, प्रार्थना तुम्ही सगळ्यांनी केली, या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, अजून चालूच आहेत, दोन्हींसाठी देवाचे आभार. प्रेषितांची कृत्ये 5 मध्ये हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोनं जमीन विकून आलेल्या पैशातले थोडे ठेवून घेतले, तो हक्क त्यांचाच होता असं प्रेषित पेत्र स्वतः म्हणतो, चूक झाली ती सगळं दिल्याचा देखावा केला तिथे. मला वाटतं आपल्या मंडळ्यांमध्ये हाच प्रकार जास्त घडतो आणि त्यावर कोणी बोलत नाही.

---

आमच्याकडे फोन आला की घरी नाहीत म्हणून सांग, हे बंद केलंय. मुलं सांगतात, बाबा आत्ता बोलू शकत नाहीत. देवाशप्पथ म्हणणंही सोडलं, मत्तय 5:37 प्रमाणे होय तर होय, नाही तर नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधले क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक याच वचनावरून कोर्टात शपथ घ्यायचे नाहीत आणि त्यासाठी तुरुंगातही गेले, त्यापुढे आपलं काहीच नाही.

---

मी नर्स आहे. नातेवाईक बाहेर गाठून सांगतात, सिस्टर, त्यांना आजाराचं कळू देऊ नका, आणि आत गेलं की पेशंट हात धरून विचारतो, मी बरा होईन ना? होणार ना बरे, असं मी म्हणत नाही. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते विचारते, डॉक्टरांशी बोलूया म्हणते आणि खरंच त्यांना घेऊन येते. इफिसकरांस 4:15 मध्ये प्रीतीनं सत्य बोला असं आहे, पण रात्रपाळीला डॉक्टर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तो पुन्हा विचारतो, तेव्हा मी नुसती बाजूला बसून राहते. इथे कोणी नर्सिंगमध्ये असेल तर अशा वेळी तुम्ही काय बोलता ते लिहा, मला खरंच हवंय.