कोकणातल्या महाविद्यालयांची आपापसांतली साखळी: गटात कोण, मैदान कुठले आणि सामने दिसणार कुणाला?

प्रश्न: जिमखाना_दक्षिणकोकण

नमस्कार. सिंधुदुर्गातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या जिमखाना समितीचे काम मी पाहतो. संस्थेच्या गेल्या बैठकीत एका विश्वस्तांनी विषय काढला, की अमेरिकेतली महाविद्यालये ‘कॉन्फरन्स’ नावाचे गट करून हंगामभर आपापसांत खेळतात, शेवटी गटाची अजिंक्यपद स्पर्धा भरवतात आणि ती दूरचित्रवाणीवर दिसते. मग सावंतवाडीपासून राजापूरपर्यंतच्या आपल्या सात-आठ महाविद्यालयांनी कबड्डी आणि खो-खोपुरता असा गट का करू नये?

यामागचे दुखणे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या मुलांचा हंगाम बहुधा दोन-तीन सामन्यांत आटोपतो. पुढची फेरी गाठली तर मुंबईची वाट धरावी लागते आणि हे सगळे ऐन पावसाळ्यात, गणपतीच्या आगेमागे येते. एका वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर लगेच निघायचे होते. आरक्षण अर्थातच नव्हते. बारा मुले आणि मी कुडाळला जनरल डब्यात कसेबसे शिरलो, रात्रभर दाराशेजारी सामानाच्या पिशव्यांवर आळीपाळीने बसलो, सकाळी दहाला मॅटवर उतरलो आणि अकराच्या आत स्पर्धेबाहेर झालो. मध्यंतरानंतर आमच्या मुख्य चढाईपटूच्या पोटरीत गोळा आला आणि तो निदानरेषेवरच खाली बसला. त्या सामन्याचे एक छायाचित्रसुद्धा आमच्याकडे नाही.

बैठकीत गाडे अडले ते असे: गटात कुणाला घ्यायचे, अंतिम स्पर्धा दरवर्षी एकाच ठिकाणी घ्यायची की फिरती ठेवायची, आणि प्रक्षेपणावर खर्च केला तर मुलांच्या पदरात नेमके काय पडणार. ज्यांनी असे काही केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: खाडीपलीकडचा

मी मूळचा चिपळूणचा. बरीच वर्षे लॉस एंजलिसजवळ राहतो आणि इथल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा मला नाद आहे. तुमच्या विश्वस्तांनी रंगवलेले चित्र खोटे नाही, पण ते जुने झाले आहे. कॉन्फरन्स ही मुळात शेजाऱ्यांची व्यवस्था होती: एका टापूतल्या, साधारण सारख्या ऐपतीच्या संस्थांनी एकमेकांशी वेळापत्रक बांधून घ्यायचे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा गट १९१५ साली असाच सुरू झाला आणि पुढे पॅक-१२ म्हणून ओळखला गेला. जून २०२२ मध्ये लॉस एंजलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी तो सोडून बिग टेन या गटात जात असल्याचे जाहीर केले. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरांहून मोठा करार केला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पॅक-१२ मधले बारापैकी दहा सभासद बाहेर पडलेले होते. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही प्रशांत महासागराकाठची विद्यापीठे आता ‘अटलांटिक किनारा’ असे नाव असलेल्या गटात खेळतात. वेंगुर्ल्याच्या संघाने कोरोमंडलच्या लीगमध्ये नाव घालावे, तसाच हा प्रकार आहे. अमेरिकन फुटबॉलचा संघ साधारणपणे आठवड्याला एकच सामना खेळतो, त्याला हे जमून जाते. खरे हाल व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे होतात, कारण लॉस एंजलिसहून न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाशी खेळायला सुमारे चार हजार किलोमीटर जाऊन पुन्हा वर्गात हजर राहायचे असते. म्हणून नक्कल करायचीच असेल, तर ती १९१५ ची करावी.

प्रक्षेपणाबद्दलही याच पॅक-१२ चा अनुभव सांगण्यासारखा आहे. २०१२ साली या गटाने संपूर्ण स्वतःच्या मालकीची वाहिनी काढली. चित्रण उत्तम होते, भाष्यकार जाणकार होते. पण डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेशी तिचा सौदा कधी जुळलाच नाही आणि त्यामुळे असंख्य घरांत ती दिसलीच नाही. जून २०२४ अखेर ती बंद झाली. वाहिनी आपली असून भागत नाही. लोकांच्या घरात आधीच काय लागलेले आहे, हे पाहावे लागते.

मैदानाच्या बाबतीत दोन उदाहरणे आहेत. बिग ईस्ट या गटाची पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा १९८३ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होते आणि आता ती जागा हीच त्या स्पर्धेची ओळख झाली आहे. तुम्हाला अधिक जवळचे वाटेल ते वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचे. हा लहान, खासगी संस्थांचा गट. सभासदाच्या मैदानावर स्पर्धा झाली की यजमानाला घरच्या प्रेक्षकांचा आधार मिळायचा. २००९ पासून त्यांनी ती लास व्हेगासच्या ऑर्लीन्स अरीनामध्ये नेली, जिथे त्यांच्यापैकी कुणाचेच घर नव्हते. ते सभागृह तसे लहान आहे आणि ते लहान आहे म्हणूनच पडद्यावर भरलेले दिसते. अर्थात लोक ती पाहतात याचे मोठे कारण असे, की जिंकणाऱ्या संघाला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. तुमच्या स्पर्धेच्या शेवटी काय मिळणार, याचे उत्तर आधी शोधा.

उत्तर: निवृत्त_क्रीडाशिक्षक_रत्नागिरी

वरील गृहस्थांनी शेवटी विचारलेला प्रश्नच या विषयाचा गाभा आहे आणि त्याचे उत्तर कटू आहे: तुमच्या साखळीच्या शेवटी अधिकृत असे काहीही मिळणार नाही. अमेरिकेत सभासदत्व हा करार आहे. आपल्याकडे संलग्नता भूगोलाने ठरते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, त्यामुळे इथल्या मुलाला आधी विद्यापीठाच्या संघात शिरावे लागते. तो संघ भारतीय विश्वविद्यालय संघ या विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या पश्चिम विभाग स्पर्धेत उतरतो, तिथून अखिल भारतीय स्पर्धेत आणि तिथे चांगली कामगिरी झाली तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत. या शिडीच्या पायऱ्या कोणत्याही खासगी गटाला गाळता येत नाहीत.

मात्र सभासदत्वाने किती फरक पडतो, हे पाहायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून स्वतंत्र आहे. तिथल्या विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाचा संघ गाठला, की पश्चिम विभागाचे दार त्याला उघडे असते. त्याच दापोलीतल्या कला-वाणिज्य शाखेच्या मुलाला मात्र त्याआधी मुंबई-ठाण्यातल्या नावाजलेल्या संघांच्या मुलांना मागे टाकावे लागते. स्वतंत्र कोकण विद्यापीठाच्या मागणीत परीक्षा आणि निकाल यांबद्दल पुष्कळ बोलले जाते. ही बाजू मात्र माझ्या कानावर क्वचितच आली. असो, तो स्वतंत्र विषय आहे.

तरीही साखळी करावी असेच माझे मत आहे, आणि ते केवळ सामन्यांच्या संख्येसाठी. दोन सामने खेळणारा मुलगा आणि बारा सामने खेळणारा मुलगा यांच्यातला फरक निवड चाचणीत पहिल्या दोन चढायांत कळतो. हंगाम नोव्हेंबरअखेर ते जानेवारी असा ठेवा: पाऊस संपलेला असतो, सत्रपरीक्षा बहुधा उरकलेल्या असतात आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी टक्कर होत नाही. खेळाडूंची पात्रता विद्यापीठाच्या नियमांप्रमाणेच ठेवा, म्हणजे वयाची २५ वर्षांची मर्यादा आणि त्या वर्षीचा प्रवेश. नाहीतर दुसऱ्याच वर्षी गावच्या मंडळातला एखादा तिशीतला पकडपटू कुणाच्या तरी ओळखपत्रावर खेळताना दिसेल. प्रमाणपत्रावर ‘निमंत्रितांची साखळी स्पर्धा’ असे स्वच्छ छापा. शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रे लागतात. आमच्या पाल्याचे प्रमाणपत्र का चालत नाही, असे विचारत पालक पुढे तुमच्याच दारात येतील.

गटात कुणाला घ्यावे, यासाठी मी एकच कसोटी लावीन. सकाळची व्याख्याने करून निघालेला संघ सामना खेळून रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचला पाहिजे. या कसोटीवर सावंतवाडी, कुडाळ, मालवण, कणकवली हे एक कुटुंब होते. राजापूर त्यात ओढूनताणून बसवावे लागते. राजापूरकरांनी लांजा-रत्नागिरीकडचा दुसरा उपगट करावा आणि दोन्ही उपगटांतल्या पहिल्या दोन संघांनी अंतिम स्पर्धेला यावे. साखळीचे सामने फिरते ठेवा. मालवणच्या बोर्डिंग मैदानावर किंवा सावंतवाडीच्या जिमखाना मैदानावर संध्याकाळी खेळ लागला, तर वाट वाकडी करून थांबणारे प्रेक्षक आपोआप मिळतात. अंतिम स्पर्धा मात्र ओरोसच्या जिल्हा क्रीडा संकुलात घ्यावी. ते महामार्गालगत आहे, कुडाळ आणि कणकवली यांच्या मधोमध आहे आणि तुमच्या यादीतल्या कोणत्याही महाविद्यालयाचे घरचे मैदान नाही. उत्तरेकडचे संघ वाढले, तर चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या क्रीडा संकुलाचा विचार करता येईल. तिथे दरवर्षी डेरवण युथ गेम्स भरतात, त्यामुळे शेकडो मुलांची उतरण्या-जेवणाची सोय करणे त्या लोकांना नवीन नाही.

मॅट प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. १३ बाय १० मीटरची एकच मॅट सर्वांनी वर्गणी काढून घ्यावी आणि टेम्पोने फिरवावी. मुलींच्या सामन्यांसाठी त्याच मॅटवर १२ बाय ८ चे मैदान आखता येते.

उत्तर: थेटप्रक्षेपण_गुहागर

सर, मी गुहागर तालुक्यात प्रकाशझोतातल्या कबड्डी आणि टेनिस चेंडू क्रिकेट स्पर्धांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करतो, म्हणून फक्त त्याबद्दल लिहितो. पॅक-१२ च्या वाहिनीची गोष्ट वाचून हसू आले, कारण तीच चूक इथे दर हंगामात कुणीतरी करतो. मंडळ स्वतःचे नवे चॅनल उघडते, सामन्याच्या दिवशी मोबाइलवरून थेट जायला बघते आणि तेव्हा कळते की मोबाइलवरून थेट प्रक्षेपणासाठी किमान ५० सदस्य लागतात आणि परवानगी सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. तुम्ही नवे चॅनल काढूच नका. तुमच्या जिल्ह्यात गावोगावचे सामने दाखवणारी जी मुले आहेत, त्यांच्याकडे प्रेक्षक आधीच आहेत. मुंबईत कामाला असलेला चाकरमानी रात्री जेवताना तेच चॅनल लावून बसतो. त्यांच्याशी दिवसाच्या दराने बोला.

कॅमेरा मध्यरेषेच्या सरळ रेषेत, पंचांच्या खुर्चीच्या मागे, माणसाच्या दीड उंचीवर हवा; कोपऱ्यातून घेतला तर बोनस रेषेवरचा पाय दिसत नाही आणि मग शेरेबाजीत पंचांची धिंड निघते. जुन्या पद्धतीच्या दिव्यांखाली शटर १/५० वर ठेवावे, नाहीतर चित्र लुकलुकते. ७२० पिक्सेलच्या चित्राला साधारण ४ एमबीपीएस अपलोड पुरते, पण संध्याकाळी गर्दी जमली की मोबाइलचे जाळे बसते, म्हणून शेजारच्या दुकानातून किंवा शाळेतून फायबरची वायर ओढून घेतलेली बरी. आणि चढायांच्या मध्ये चित्रपटगीते लावू नका; स्वामित्वहक्काचा दावा येऊन अख्ख्या सामन्याचा आवाज जाऊ शकतो. एकदा आमचा अंतिम सामना असाच मुका झाला होता.

मुलांना काय मिळणार, असे तुम्ही विचारले आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून प्रेक्षकाला अव्वल चढाई म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. त्याला खेळाडू ओळखता यायला हवा. म्हणून बनियनवर पाठीमागे मोठा क्रमांक हवा, भाष्यकाराच्या हातात नावांची यादी हवी आणि सामना संपल्यावर प्रत्येक मुलाच्या चढाया आणि पकडी कापून त्याला वेगळ्या द्यायला हव्यात. एखाद्या व्यावसायिक संघाला किंवा मंडळाला पाठवायला त्या दीड मिनिटाच्या चित्रफितीइतके उपयोगी दुसरे काही नाही. चाळीस मिनिटे कुणी बघत नाही.

उत्तर: माजी_खेळाडू_देवगड

निवृत्त सरांची कसोटी मला पटली, पण ती मुलींना लावून पाहावी. आमच्या वेळी मुलींचा सामना नेहमी शेवटी ठेवला जायचा, का तर मुलांचा सामना ‘मुख्य’. तो लांबला की आमची शेवटची एसटी सुटायची आणि मग कुणाचे तरी वडील रिक्षा घेऊन यायचे. दोन वेळा असे झाल्यावर आमच्या संघातल्या तिघींना घरून परवानगीच मिळाली नाही. मुलींचा सामना आधी, दुपारी चारला ठेवा, आणि त्याचेही प्रक्षेपण त्याच कॅमेऱ्याने, त्याच भाष्यकारासह करा. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला, तेव्हा भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही तो जिंकला. प्रेक्षक मुलींचे सामने बघत नाहीत, ही सबब आता चालायची नाही. कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का, हे मैदान ठरवण्याआधी स्वतः जाऊन पाहावे. कागदावर ती सगळीकडे असते.

प्रश्नकर्ता: जिमखाना_दक्षिणकोकण

सर्वांचे मनापासून आभार. ही सगळी चर्चा छापून मी बैठकीत वाचून दाखवली. पहिल्या वर्षी राजापूरचा आग्रह सोडून चार महाविद्यालयांपुरतीच साखळी करायची, प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एकदा आणि दारी एकदा खेळायचे, मुलींचा सामना दुपारी चारला, आणि अंतिम सामन्यासाठी ओरोसला अर्ज करायचा, एवढे ठरले. म्हणजे साखळीतच प्रत्येक संघाला सहा सामने मिळतील. बारा नसले तरी दोनाच्या तिप्पट झाले. विश्वस्त प्रक्षेपणासाठी आपल्या संस्थेच्या नावाचे चॅनल हवे म्हणून थोडे हटून बसले होते, पण वाहिनीची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी तो विषय स्वतःच मागे घेतला.

आता अडले आहे ते मॅटपाशी. वर्गणीला चौघेही तयार आहेत, टेम्पोही मिळतो आहे. पण हंगाम संपल्यावर जून ते ऑक्टोबर ती ठेवायची कुठे? आमच्या जिमखान्याच्या खोलीत पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि गेल्या वर्षी उडीच्या गाद्यांना बुरशी धरली. किनाऱ्याजवळच्या कुणी मॅट चार-पाच पावसाळे नीट सांभाळली असेल, तर जमिनीपासून किती उंचीवर रचली, मध्ये काय घातले आणि ऊन केव्हा दाखवले, एवढे कृपया कळवावे.