चंद्र नको, परिशिष्ट बघा

वर कोणीतरी म्हटलंय की टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये गोंडोर राज्याच्या मदतीला निघालेलं रोहानचं सैन्य १३ मार्चला कुठे होतं ते चंद्राच्या कलेवरून काढता येईल. एरवी येईल पण, टोल्किनने चंद्र नीट सांभाळलाय, पण १० तारखेपासून शत्रूच्या मॉर्डोर देशातून आलेला काळोख आकाशभर पसरलेला, चंद्र दिसणार कुठून? आमच्याकडे गोव्यात जुलैत महिनाभर दिसत नाही तसंच.

त्यापेक्षा शेवटच्या खंडाचं परिशिष्ट ब उघडा, तारखा सरळ दिल्यात: १० ला रोहानच्या हॅरोडेल खोऱ्यातून कूच, १२ ला मिन-रिम्मनखाली तळ, १३ ला द्रुअदान अरण्य, १४ ला ग्रे वूड आणि १५ च्या पहाटे गोंडोरची राजधानी मिनास तिरिथपाशी रोहानची शिंगं. मिन-रिम्मन म्हणजे गोंडोर ज्यांच्यावर आग पेटवून इशारा द्यायचं त्या सात टेकड्यांपैकी एक, त्यामुळे मैलाच्या दगडासारखी नकाशावर लगेच सापडते. मी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन नकाशावर वळणावळणाने लावत बसलेलो, गणपतीच्या सुट्टीत, सगळे माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) बांधतायत आणि हा दोरा मोजतोय म्हणून शिव्याही खाल्ल्या. रोहानची राजधानी एदोरासपासून मिनास तिरिथ १०२ लीग, लीगला ३ मैल धरले तर साधारण ४९० किलोमीटर, म्हणजे सहा हजार घोडेस्वार रोज जवळजवळ अख्खा गोवा, उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत, पार करत होते. फक्त शेवटचा टप्पा हमरस्त्याने नाही हां, द्रुअदानच्या रानटी लोकांचा मुखिया घान-बुरी-घान याने दाखवलेल्या विसरलेल्या गाडीवाटेने, तिथे माझा दोरा हमरस्त्यावरच राहिला.